बाहेरून एम.ए.

परवा माझी भाची आली होती. चौतीस वर्षांची आहे, एका अनुदानित शाळेत इतिहास शिकवते. बी.ए., बी.एड. चहा होईपर्यंत गप्प होती, मग एकदम म्हणाली, "मावशी, मी बाहेरून एम.ए. करू का गं? मला कॉलेजात शिकवायचंय. पण बाहेरून केलेल्या डिग्रीला तिथे कोण विचारणार?"

मी जरा दचकलेच. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी हाच प्रश्न एका ओळखीच्या प्राध्यापकांना विचारला होता. पुणे विद्यापीठाचा एक्स्टर्नलचा फॉर्म तेव्हा माझ्या पर्समध्येच होता. ते हसून म्हणाले, "बाई, वर्गात न बसता कुणी प्राध्यापक होतं का?" तो फॉर्म मी भरला नाही. पुढे आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्याचं दुःख नाही. फॉर्म न भरल्याचं मात्र अजून आहे.

त्यांना तेव्हा उत्तर देता आलं नाही. खरं तर उत्तर आमच्या पेठेतच होतं. आमच्या घरापासून भारत इतिहास संशोधक मंडळ पाच मिनिटांवर. त्या मंडळासाठी जन्मभर खपलेले दत्तो वामन पोतदार बी.ए. होते, एम.ए. नव्हेत. नूतन मराठी विद्यालयात मास्तर होते. १९१६ साली न्यू पूना कॉलेज (म्हणजे आजचं स. प.) निघालं, पुढे ते तिथे शिकवू लागले, आणि १९६१ ते १९६४ चक्क पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते! धोंडो केशव कर्वेही १८८४ चे बी.ए. मुंबईत शाळांतून शिकवत असताना १८९१ मध्ये फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले. तेव्हा शाळा आणि कॉलेज यांच्यामधली भिंत आजच्याइतकी उंच नव्हती.

याच कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. ज्यांना घर सोडून येणं शक्य नाही त्या बायकांना घरी अभ्यास करून परीक्षेला बसायची मुभा दिली. पदव्यांची नावं काय सुंदर होती बघा, गृहीतागमा आणि प्रदेयागमा! पण या विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळायला १९५१ साल उजाडलं. म्हणजे तोवर जी मुलगी गृहीतागमा झाली, तिच्या ज्ञानात काही कमी नव्हतं, पण नोकरीच्या दारात तिला कागदाचा खुलासा करत बसावं लागे. टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचंही तसंच. स्थापना १९२१ ची, अभिमत दर्जा १९८७ चा.

पुढे काळ बदलला. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं, १९८५ मध्ये इग्नू आलं, १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले, जे आधी पुणे विद्यापीठाचेच कुलगुरू होते. म्हणजे आतल्याच माणसाने बाहेरच्यांसाठी दार केलं. आणि २०२२ मध्ये यूजीसीने स्पष्टच सांगितलं, की मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची.

तर "कोण विचारणार" या शंकेचा निकाल लागला. पण मी भाचीला तिथेच थांबवलं. दार उघडलं तसा उंबरठाही वर गेला. नेट १९८९ मध्ये आली, १९९१ च्या नियमांनी ती प्राध्यापकीला जोडली गेली. १९९५ पासून महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट पुणे विद्यापीठ घेतं. नव्वदच्या दशकात नेट-सेटशिवाय लागलेल्यांची भांडणं पुढे किती वर्षं चालली हे सगळ्यांना ठाऊक आहे. एम.ए.ला खुल्या गटात ५५ टक्के लागतात. ५४ मिळाले तर सगळं मुसळ केरात. सुदैवाने सेटला वयाची अट नाही आणि इतिहासाचा पेपर मराठीतून देता येतो, आमच्यासारख्या मराठी माध्यमवाल्यांना हे फार मोठं आहे.

आणि एवढं करूनही लगेच कायम नोकरी कुठली? भरती रखडलेली, तासिका तत्त्वावर शिकवायचं, सुट्टीत पगार नाही. नेट-सेट होऊन वर्षानुवर्षं तासांवर शिकवणारी मुलं माझ्या पाहण्यात आहेत. तिचे सासरे म्हणतात, "हातातलं सोडून पळत्याच्या मागे कशाला?" त्यांचं अगदीच चूक नाही.

मी तिला सांगितलं, एम.ए. कर, नक्की कर, पण शाळेचा राजीनामा मनातसुद्धा आणू नकोस. आणि फॉर्म भरायच्या आधी सेटचे जुने पेपर सोडवून बघ. ते आवडले तर पुढे जा.

"आणि नाही आवडले तर?" ती म्हणाली.

"तरी कर. पगार तुझा आहे, संध्याकाळही तुझी आहे."

काल तिचा फोन आला. दोन पेपर सोडवले म्हणे, पहिल्यात अर्धेअधिक चुकले, दुसऱ्यात थोडे कमी. मराठा प्रशासनावरची माझी जुनी टिपणं मागत होती. माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला आता कुणाला तरी बोलवायला हवं, माझा गुडघा शिडीवर चढू देत नाही.