पीळ आणि वेळ



६ एप्रिल १८६२ रोजी अमेरिकेच्या यादवी युद्धात, शायलोच्या रणांगणावर, दक्षिणेच्या सैन्याचे सेनापती अल्बर्ट सिडनी जॉन्स्टन यांच्या गुडघ्यामागील धमनीला गोळी लागली. रक्त बुटात साचत गेले. जखमेचे गांभीर्य वेळीच ध्यानी आले नाही. आपल्या शल्यवैद्याला त्यांनी जखमींच्या, त्यांत शत्रूकडील जखमींच्याही, शुश्रूषेसाठी मागे ठेवले होते. रक्तस्राव थांबविणारा पट्टा, म्हणजे टूर्निकेट, त्यांच्या खिशातच होता. तो वापरलाच गेला नाही.

हे साधन तेव्हा नवे नव्हते. १६७४ साली बझाँसाँच्या वेढ्यात मोरेल या फ्रेंच शल्यवैद्याने जखमेच्या वर बांधलेल्या बंधात काठी घालून पीळ दिला. १७१८ मध्ये झाँ-लुई पेती यांनी स्क्रूने आवळणारे साधन तयार केले. ‘फिरविणे’ या अर्थाच्या फ्रेंच धातूवरून त्याचे नाव आले आहे. पीळ मात्र पुरेसा हवा. तो सैल राहिला तर केवळ शिरा दबतात, धमनी वाहतच राहते आणि रक्तस्राव उलट वाढतो.

पुढे या साधनाची पत गेली. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिक रुग्णालयात पोहोचेपर्यंत तासन्‌तास लोटत. आवळलेला अवयव तोवर निर्जीव होई आणि दोष पट्ट्याच्या माथी येई. ‘हा शेवटचा उपाय’ अशी शिकवण त्यानंतर अनेक दशके टिकली.

तिला उत्तर मिळाले ते बगदादमध्ये. तेथील अमेरिकी लष्करी रुग्णालयात २००६ साली २३२ जखमींची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तक्षयाने शरीर कोलमडण्यापूर्वी पट्टा बांधलेल्यांपैकी ९० टक्के वाचले. नंतर बांधलेल्यांपैकी केवळ १० टक्के. निव्वळ पट्ट्यामुळे एकाचाही अवयव गेला नव्हता. जखमी तेथे लवकर पोहोचत होते, हेही त्यामागचे कारण होते. पट्टा साधारण दोन तासांपर्यंत सुरक्षित मानतात. २०२२ नंतर युक्रेनमध्ये जखमींना हलविण्यास विलंब होऊ लागला, तेव्हा अवयव गमावण्याची जुनी आपत्ती पुन्हा दिसली.

म्हणून दोष साधनाचा नव्हता, काळाचा हिशेब चुकला होता. पट्टा कधी बांधावा आणि कितीला बांधला याची नोंद का ठेवावी, हे दोन्ही शिकवावे लागते. जॉन्स्टन यांच्या खिशात साधन होते. ते वेळीच काढणारा जाणता हात जवळ नव्हता. असे हात घडविणे हे शाळेचेही काम आहे, एवढेच सांगून आपली रजा घेतो.