घोड्याचा घसा आणि वर्कअराउंड

आमच्या कोपरीच्या भजनी मंडळात आत्याचा आवाज सगळ्यात खणखणीत. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर तो पार बसला. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्राची नस दुखावलीये. शनिवारी त्याबद्दल वाचायला बसलो आणि पोचलो थेट घोड्यांपाशी!

घोड्याची ही डावी नस छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालून पुन्हा घशात येते. एवढा उलटा प्रवास कशाला, देव जाणे. ती लुळी पडली की श्वासाची वाट अरुंद होते. धावताना घशातून घरघर येते, दम पुरत नाही. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर असा घोडा काय कामाचा?

गंमत म्हणजे उपाय नसेवर नाहीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या विल्यम्सने स्वरयंत्रातल्या कप्प्याचं अस्तर काढून टाकायची पद्धत बसवली. जखम भरताना आक्रसते आणि स्वररज्जू बाजूला ओढला जातो. लंडनच्या फ्रेडरिक हॉबडेने ती इतकी चालवली की ऑपरेशनला त्याचंच नाव पडलं. १९७० मध्ये मार्क्स आणि सहकाऱ्यांनी तर लुळी कूर्चा टाक्याने मागे बांधूनच टाकली. वाट कायमची उघडी, पण मग अन्न श्वासनलिकेत जायची भीती. बग तसाच, वर्कअराउंड चालू!

आत्याला हे सगळं सांगितलं. "म्हणजे मी घोडी काय रे?" फुसफुसत म्हणाली, आणि हसता हसता तिला ठसका लागला.