जास्वंदीवरील कीड (बुलढाणा जिल्हा)

जास्वंद ही कपाशी, भेंडी आणि अंबाडी यांच्या माल्व्हेसी कुळातली. पूर्णेच्या खोऱ्यातल्या मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव या घाटाखालच्या तालुक्यांत कपाशीचा पेरा मोठा असल्याने शेतातली रसशोषक कीड सहज अंगणात येते. जास्वंदीवर वेगळी कीड शोधण्याची गरज क्वचितच पडते.

मावा कोवळ्या शेंड्यांवर व कळ्यांवर दाटीने बसतो. तुडतुडे धक्का लागताच तिरके पळतात आणि त्यांनी रस शोषलेल्या पानांच्या कडा पिवळ्या पडून वळतात. पांढरी माशी पानामागून उडते. कळ्या वेड्यावाकड्या उमलत असतील, तर कळी पांढऱ्या कागदावर झटकावी. बारीक काड्यांसारखे फुलकिडे खाली पडतात. मावा, पांढरी माशी व पिठ्या ढेकूण यांच्या गोड चिकट स्रावावर काळी बुरशी चढते आणि मुंग्यांची रांग लागते. लाल-काळे ढेकूण पाहून लोक घाबरतात, पण ते मुख्यतः सरकीवर जगतात. जास्वंदीला त्यांचा फारसा त्रास नाही.

खरा शत्रू पिठ्या ढेकूण. त्याच्या दोन जाती महत्त्वाच्या. गुलाबी पिठ्या ढेकणाच्या लाळेमुळे शेंडा आखडून पानांचा गुच्छ होतो. ही जात 1994 मध्ये कॅरिबियन बेटांतील ग्रेनाडात आढळली आणि तिने तिथली जास्वंद उजाड केली. दुसरी, फेनाकोकस सोलेनॉप्सिस, मूळची अमेरिकेची. 2006-07च्या सुमारास तिने भारतात कपाशीवर थैमान घातले. पुढे एनेसियस या अतिसूक्ष्म परोपजीवी कीटकाने तिला बरेच आवरले. तपकिरी, फुगीर, कडक झालेले पिठ्या ढेकूण दिसले तर आत हाच मित्रकीटक वाढत असतो. ते खुडू नयेत. क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळीही पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांमुळे पिठ्या ढेकणासारखीच दिसते. ती मात्र मोठी असते, झपाट्याने चालते आणि पिठ्या ढेकूण खाते. ओळखण्यात घाई झाली की पहिला बळी तिचाच जातो.

नियंत्रणाची सुरुवात कात्रीने करावी. गुच्छ झालेले शेंडे कापून पिशवीत बंद करून नष्ट करावेत. मग पानांच्या मागे जोराने पाणी मारावे. 5 टक्के निंबोळी अर्कासाठी 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून गाळावी, पाणी 1 लिटर करावे आणि त्यात 2 ग्रॅम साबण घालून संध्याकाळी फवारावे. पिठ्या ढेकणाच्या मेणावरून पाणी ओघळते, म्हणून साबण वगळू नये. मुंग्या याच किडीची राखण करतात, त्यामुळे त्यांचाही बंदोबस्त हवा.

अंगणातल्या जास्वंदीवर कपाशीची औषधे मारू नयेत. तिची फुले गणपतीला आणि केसांच्या तेलात जातात. सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे जळणासाठी घराशेजारी रचलेल्या पऱ्हाट्या. पिठ्या ढेकूण त्यांवर टिकून राहतो, शिवाय बांधावरचे गाजरगवतही त्याला पोसते. पऱ्हाट्या जास्वंदीपासून दूर रचाव्यात आणि जूनच्या पेरणीआधी संपवाव्यात.