बरणीचे झाकण आणि वल्हांडणाचे ताट

गंगाखेडला गुढीपाडव्याच्या सकाळी कडुनिंबाचे कोवळे पान जिभेवर ठेवल्याखेरीज वर्ष सुरू होत नाही. 'हे कडू कशाला?' असे घरातील लहानाने विचारले, तर कुणी आरोग्याचे कारण सांगतो, कुणी सुखदुःखाचे. उत्तर ठरलेले नाही. याच सुमारास पौर्णिमेच्या रात्री कोकणातील बेने इस्राएल कुटुंबे एका ताटाभोवती बसतात. त्या ताटातही कडू असते. परंतु तेथे लहानाने प्रश्न विचारणे हाच विधी असतो आणि उत्तर ठरलेले असते.

हे ताट वल्हांडणाचे, म्हणजे पेसाहच्या सेदरचे. इजिप्तमधून निघताना पीठ फुगू देण्यास अवधी नव्हता, म्हणून बेखमीर भाकरी. गुलामीची चव म्हणून कडू भाजी. विटांच्या चिखलाची आठवण म्हणून हारोसेत हे गोड मिश्रण, जे बेने इस्राएल घरांत खजुराचे असते. अश्रूंसाठी मिठाचे पाणी. आणि बळीच्या कोकराची खूण म्हणून भाजलेले हाड. यांतील बळी, भाकरी आणि कडू भाजी या तीन गोष्टींचा अर्थ जो बोलून दाखवीत नाही, त्याचे कर्तव्य पुरे होत नाही, असा राब्बान गम्लिएल यांचा दंडक आहे. येथे केवळ खाणे पुरेसे नाही, सांगणे हवे. या रात्री वाचावयाच्या ग्रंथाचे नाव 'हग्गादा'. त्याचा अर्थच मुळी 'सांगणे' असा आहे. श्रावणातील व्रत कहाणीशिवाय पुरे होत नाही, हे जाणणाऱ्या मराठी वाचकास ही कल्पना परकी वाटू नये.

मात्र बेने इस्राएलांपाशी शतकानुशतके हा ग्रंथ नव्हता. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा. तेलाचे घाणे चालवून शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला या समाजाचा इतिहास वल्हांडणाचे जुने मराठी नाव नोंदवितो: 'अनशी ढाकाचा सण'. अनशी म्हणजे चटणीसाठी वापरावयाच्या आंबट पाण्याचे भांडे. या सणात ते झाकून ठेवीत. ढाकणे म्हणजे झाकणे.

पुष्कळदा याकडे विस्मरणाचा पुरावा म्हणून पाहिले जाते: इजिप्त विसरले, मोशे विसरले, उरले एक झाकण. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. धर्माज्ञा आहे ती घरात खमीर नसावे अशी. भात आणि तांदळाची भाकरी खाणाऱ्या कोकणी घरात फुगलेला पाव कोठून असणार? आंबणारी वस्तू होती ती आंबट पाण्याची. म्हणजे आज्ञेचा शब्द हरवला, पण तिचे लक्ष्य नेमके सापडले. कहाणी गेली तरी व्रत आपल्या जागी राहिले.

कहाणी परतली ती एकोणिसाव्या शतकात. कोचीनचे यहुदी शिक्षक आणि मिशनऱ्यांच्या शाळा यांच्यामार्फत हिब्रूचे शिक्षण पसरले. १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू मजकुरासोबत मराठी भाषांतर असलेली हग्गादा छापली गेली; १८७४ मध्ये पुण्याची सचित्र आवृत्ती निघाली. तिच्या चित्रांतील बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसलेल्या आहेत. इजिप्तमधील सुटकेची गोष्ट मराठीत सांगितली गेली, यहुदी इतिहासाइतकीच ही मराठी गद्याच्या इतिहासातीलही घटना होय. आपल्या अभ्यासक्रमांत तिला जागा नाही.

या परतण्याची किंमतही मोजावी लागली. शुद्ध विधी आला तसे जुने नाव मागे पडले. १९४८ नंतर समाजाचा बराच मोठा भाग इस्राएलमध्ये गेला. तेथे 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघाले, आणि येथील घरे थोडी झाली. ताटाला आता पूर्ण अर्थ आहे. बरणीला मात्र तिची हकीकत सांगणारे कुणी हवे. कारण ज्यांच्यापाशी ग्रंथ नव्हता, त्यांनी एका झाकणावर तो सांभाळला होता.