पोराने बापाला कळवायचं कसं?

मंडळी, डेटाबेसमध्येही रेकॉर्डांना आई-बाप असतात बरं का! कर्जखातं हा 'पेरेंट', त्याखालची प्रत्येक पावती म्हणजे 'चाइल्ड'. पावती आली की खात्यातली शिल्लक बदलायला हवी. साधी गोष्ट वाटते ना?

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे आयबीएमची आयएमएस. अपोलो यानाच्या असंख्य सुट्या भागांचा हिशोब ठेवायला 1966 मध्ये तिचं काम सुरू झालं आणि 1968 मध्ये ती चालू झाली. रचना झाडासारखी. वाट मुळापासून खाली, आधी बाप गाठा मग पोरं. 1970 मध्ये आयबीएमच्याच एडगर कॉडने रिलेशनल मॉडेलचा निबंध लिहिला आणि ही उतरंड मोडली. आता पोराच्या खिशात बापाचा नंबर असतो, त्यामुळे खालून वर जाणंही सोपं झालं.

पुढे 1999 मध्ये सेल्सफोर्स आली. मी रोज यातच काम करतो. तिथे पावतीच्या पानावर आपलं स्वतःचं बटण ठेवता यायचं. मागे चार ओळी जावास्क्रिप्ट: बापाचा आयडी घ्या, शिल्लक वाचा, वजाबाकी करा, अपडेट मारा. झालं काम! पण हे सगळं चालायचं बटण दाबणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये. गोम इथेच आहे.

समजा शिल्लक 10,000 आहे. एक जण 3,000 ची पावती टाकून बटण दाबतो, त्याच क्षणी दुसरी 2,000 ची. दोघांनीही वाचले 10,000. पहिल्याने लिहिले 7,000, दुसरीने त्यावर 8,000. खरी शिल्लक 5,000! पावत्या दोन्ही जागेवर, एरर कुठेच नाही, आणि कर्जदाराने भरलेले 3,000 हिशोबातून गायब. डेटाबेसवाले याला 'लॉस्ट अपडेट' म्हणतात. बटण दाबायचंच राहिलं, तर ती गंमत वेगळीच.

2015 मध्ये लाइटनिंग आलं आणि नव्या पडद्यावर ही जावास्क्रिप्ट बटणं चालेनाशी झाली. तेव्हा बऱ्याच जणांनी कपाळावर हात मारला. मला विचाराल तर बरंच झालं. मास्टर-डिटेल नातं असेल तर रोल-अप समरी ठेवा, ती पोरांची बेरीज सर्व्हरवरच करते. ते जमत नसेल तर एपेक्समध्ये बापाचं रेकॉर्ड आधी लॉक करून मग वाचा. बटण हवंच असेल तर खुशाल ठेवा, फक्त हिशोब त्याच्या हाती देऊ नका.