दिनविशेष : ६ जुलै – वाचकांनी निवडलेले संघ
शिकागोच्या कोमिस्की पार्कवर १९३३ साली आजच्या दिवशी अमेरिकी बेसबॉलचा पहिला ‘ऑल-स्टार’ सामना झाला. कल्पना ‘शिकागो ट्रिब्यून’चे क्रीडा संपादक आर्च वॉर्ड यांची, निमित्त शहरात भरलेल्या जागतिक प्रदर्शनाचे. संघनिवडीसाठी वृत्तपत्रांतून वाचकांची मते मागवली गेली. अडतीस वर्षांच्या बेब रूथने तिसऱ्या डावात होम रन ठोकला आणि अमेरिकन लीगने नॅशनल लीगवर ४-२ अशी मात केली. कृष्णवर्णीय खेळाडूंना मात्र या दोन्ही लीगची दारेच बंद होती. मतपत्रिकेवर त्यांचे नाव येणार कुठून? हा अन्याय विसरता येत नाही. त्याच मैदानावर १० सप्टेंबरला त्यांचा स्वतंत्र ‘ईस्ट-वेस्ट’ सामना रंगला. त्यातले खेळाडूही कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतून वाचकांनीच निवडले होते.