श्टायरची कार्बाइन : ओळख आणि परीक्षा

ऑस्ट्रियाच्या उत्तरेस, एन्स आणि श्टायर ह्या दोन नद्यांच्या संगमावर, श्टायर नावाचेच एक जुने गाव वसले आहे. दक्षिणेकडील एर्त्सबेर्ग डोंगरातील लोखंडावर ह्या गावाने कित्येक शतके आपला चरितार्थ चालविला. सुऱ्या, पाती, तलवारी आणि पुढे बंदुका असा त्याचा धंदा क्रमाक्रमाने वाढत गेला. येथील एका बंदूककाराचा मुलगा योझेफ वेर्न्डल हा १८६३ साली अमेरिकेस गेला, तेथील यंत्रांनी चालणारे कारखाने त्याने पाहिले आणि परत येऊन १८६४ साली भावाच्या भागीत स्वतःचा कारखाना काढला. १८६९ साली त्याची भागभांडवलाची कंपनी झाली. तिचे लांबलचक जर्मन नाव आखडून बंदुकीच्या अंगावर कोरण्याची जी रीत पडली, ती जुन्या मालाची पहिली खूण होय.

ह्या कारखान्याला युरोपभर नाव मिळाले ते मात्र फेर्डिनांड मानलिखर ह्याच्यामुळे. १८४८ साली बोहेमियात जन्मलेला हा गृहस्थ पेशाने रेल्वेचा इंजिनियर होता. १८७६ सालच्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनास तो गेला आणि तेथपासून त्याच्या मनाने जी बंदूक धरली ती १९०४ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडली नाही. रुळांचा हिशेब करणाऱ्या माणसाने शस्त्रविद्येत असा संचार करावा ह्यात नवल नाही. दोन्ही ठिकाणी पोलादाला किती ताण सोसवेल हाच प्रश्न मुळाशी असतो. त्याच्या कल्पनेला कारखान्यातील ओट्टो श्योनाउअर ह्याने फिरत्या मॅगेझीनची जोड दिली आणि दोघांच्या नावांनी ओळखली जाणारी बंदूक तयार झाली. ग्रीसने १९०३ साली ती आपल्या सैन्यासाठी पसंत केली, आणि १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत ग्रीक शिपायांच्या हाती तीच होती. त्याच वर्षी त्याच यंत्रणेवर कारखान्याने शिकाऱ्यांसाठी एक आखूड बंदूक काढली. प्रस्तुत लेखाचा विषय ती आहे.

तिचे रूप एकदा पाहिले की विसरत नाही. नळी अवघी ४५ सेंटिमीटर, म्हणजे पावणेअठरा इंचांच्या आसपास. आणि अक्रोडाचा दस्ता थेट नळीच्या तोंडापर्यंत गेलेला, टोकाला पोलादी टोपण. बोल्टची मूठ गोल नसून लोण्याच्या सुरीसारखी चपटी व खाली वळलेली असते. ती मागे ओढली असता बोल्ट मागच्या चिरलेल्या कमानीतून सरकतो, आणि तो इतका सुळसुळीत सरकतो की ज्यांनी ती हाताळली ते इतर गुणांआधी हाच गुण सांगतात. चाप दोन असतात. मागचा ओढला की पुढचा ‘चढतो’, आणि मग पुढच्याला बोटाचा नुसता स्पर्श पुरतो. दस्त्याच्या मागच्या पट्टीत एक लहानसे दार असून त्यात साफ करण्याच्या गजाचे तुकडे ठेवण्याची सोय असते. आल्प्सच्या कड्यांवर चढणाऱ्या शिकाऱ्याला खांद्यावर लटकवून दिवसभर चालता यावे म्हणून हा सारा खटाटोप होता.

आता ओळखीचा खरा प्रश्न. नळीच्या मागील कड्यावर ‘१९०३’ असा आकडा दिसला की बहुतेक मालक आपली बंदूक त्या वर्षीची आहे असे समजून चालतात. हा भ्रम होय. तो आकडा नमुन्याचा आहे, जन्माचा नव्हे. त्याच नमुन्याच्या बंदुका पुढे वर्षानुवर्षे निघत राहिल्या. खरे वर्ष शोधावयाचे तर परीक्षागृहाचे शिक्के पाहावे लागतात. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात १८९१ च्या कायद्याने प्रत्येक बंदूक विक्रीपूर्वी जादा दारूचा बार उडवून तपासणे सक्तीचे झाले, आणि त्यासाठी व्हिएन्ना, फेर्लाख, प्राग, वाइपर्ट व बुडापेस्ट येथे परीक्षागृहे होती. धूरविरहित दारूच्या परीक्षेस उतरलेल्या नळीवर ‘एन्‌पी’ ही अक्षरे असतात, आणि त्यांच्या शेजारी नोंदीचा अनुक्रमांक व त्यापुढे बहुधा वर्षाचे शेवटचे दोन अंक ठोकलेले आढळतात. कधी हे सारे लाकडाखाली दडलेले असते. ते पाहण्यासाठी दस्ता उतरवावा लागतो, आणि ते काम जाणत्या कारागिराचे आहे. कंपनीच्या नावावरूनही काळाचा तर्क होतो, कारण १९२६ मध्ये ते बदलून ‘श्टायर-वेर्के’ झाले आणि १९३४ मध्ये ती कंपनी डाइम्लर व पुख ह्यांच्याशी एकत्र झाली.

बोल्टवरचा क्रमांक आणि नळीच्या कड्यावरचा क्रमांक एकच आहे ना, हेही पाहावे. ह्या जातीत बोल्टचे डोके सुटे असते. दुसऱ्या बंदुकीचा बोल्ट घातलेला असल्यास काडतूस मागून पुरेसे टेकत नाही, आणि बार उडताना पितळ फाटून गरम वायू नेमबाजाच्या डोळ्यांकडे येतो. आणखी एक फसगत अशी की, ग्रीक सैन्याच्या पुष्कळ बंदुका पुढे कापून आखूड केल्या गेल्या आणि शिकारी कार्बाइन म्हणून विकल्या गेल्या. त्यांच्या मुठीला चपट्या पात्याऐवजी गोळा असतो, आणि कड्यावर ग्रीसच्या मुकुटाची खूण राहते. अशी बंदूक वाईट असते असे नाही. पण ती जी नाही ते तिला म्हणू नये, आणि तशी किंमतही देऊ नये.

पण जिवाशी गाठ असते ती काडतुसाशी. ह्या कार्बाइनचे काडतूस ६.५ × ५४, मानलिखर-श्योनाउअर. इंग्लंडात त्याला .२५६ मानलिखर म्हणत. हेच नाव तेथे दुसऱ्या एका काडतुसासही लावीत. हॉलंड आणि रुमानिया ह्यांच्या सैन्यांत असलेले ते काडतूस ६.५ × ५३ मापाचे, बुडाशी बाहेर आलेल्या काठाचे. गोळी दोघांची जवळपास सारखी, पण एकाच्या जागी दुसरे चालत नाही. तिसरे, ६.५ × ५४ माउझर, आकड्यांनी तर हुबेहूब जुळते आणि आकाराने निराळेच असते. पुढच्या नमुन्यांतही हाच घोळ आहे. १९०५ चा नमुना ९ × ५६ चा, १९०८ चा ८ × ५६ चा आणि १९१० चा ९.५ × ५७ चा. ह्यांपैकी ८ × ५६ हे नाव ऐकून हंगेरीच्या सैन्याचे त्याच मापाचे काठाचे काडतूस कोणी आणील, तर त्याची गोळीच अधिक जाड असते. म्हणून दुकानदाराच्या शब्दावर किंवा घरात चालत आलेल्या आठवणीवर न विसंबता काडतुसाच्या घराचा साचा काढून तो मोजावा. जुने कारागीर त्यासाठी वितळलेला गंधक ओतीत. थंड झाल्यावर तो अलगद बाहेर येतो आणि घराची हुबेहूब प्रतिमा हाती मिळते. नळीत मऊ शिशाची गोळी ठोकून पार केली असता आट्यांची खोलीही कळते.

ह्या बारीक काडतुसाची कीर्ती मोठी विलक्षण आहे. त्याची गोळी १६० ग्रेनची, लांब व गोल तोंडाची; वेग सेकंदाला सुमारे २,२०० फूट. आजच्या मानाने हा वेग मंदच. परंतु व्यासाच्या मानाने लांबी इतकी की ती सरळ खोल जाते. स्कॉटलंडचा वॉल्टर बेल (१८८०-१९५४) ह्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, आणि त्यांपैकी काही ह्याच मापाने. त्याचा भर हत्तीच्या कवटीच्या रचनेचा अभ्यास करून नेमकी जागा साधण्यावर होता. त्याचे अनुकरण करू गेलेल्यांना तो अभ्यास नव्हता, आणि जखमी जनावर रानात सोडून परतण्याची पाळी त्यांच्यावर आली. अर्नेस्ट हेमिंग्वे ह्याच्या १९३६ सालच्या फ्रान्सिस मॅकोम्बरच्या कथेतही बायकोच्या हातून नवऱ्याला लागणारी गोळी ६.५ च्या मानलिखरचीच आहे. त्या काळच्या आफ्रिकेत ही बंदूक किती परिचित होती ह्याचा तो एक दाखला.

हिंदुस्थानाशी तिचा संबंध कायद्याच्या वाटेने आला. १९०७ साली ब्रिटिश सरकारने .४५० मापाच्या काडतुसांना येथे बंदी केली, आणि सैन्याचे .३०३ तर खाजगी माणसाला वर्ज्यच होते. सरकारी कोठारातील काडतुसे बंडखोरांच्या हाती जाऊ नयेत, हे त्यामागील धोरण होते. परक्या मापाच्या बंदुकांना त्यामुळे येथे वाट मोकळी झाली, आणि लंडनचे बंदूकविक्रेते मानलिखरही विकीत. पुढे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची नवी व्यवस्था झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकारच संपली. १९७२ च्या सुमारास श्टायरनेही ह्या जातीची निर्मिती थांबविली. तेव्हा परवाना असलेल्या मालकाला आज ती चालविण्याची जागा म्हणजे चांदमारीचे मैदान.

तेथेही काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. नळी आखूड असल्यामुळे आवाज व ज्वाला मोठी होते; कानांना बोळे हवेतच. मॅगेझीनमधील पाच खाचांचे चक्र त्या एका काडतुसाच्या लांबीला बेतलेले आहे, म्हणून आखूड, हलक्या गोळीचे काडतूस नीट वर येईलच असे नाही, आणि माशी व खाच १६० ग्रेनला जुळविलेली असल्याने हलकी गोळी लागते भलत्याच ठिकाणी. दस्ता टोकापर्यंत असल्यामुळे दमट हवेत लाकूड फुगून नळीवर दाब देते, आणि उन्हाळ्यात बसविलेला नेम पावसाळ्यात सरकतो. नेमबाज स्वतःला दोष देत बसतो. दोष अक्रोडाचा असतो. चाप एकदा चढविला आणि बार उडवावयाचा नसला, तर नळी मैदानाकडे ठेवून प्रथम बोल्ट उघडावा आणि मगच चाप सोडावा. ह्या क्रमात उलटापालट करून पुष्कळांनी छताला भोके पाडली आहेत.

बंदूक रिकामी करण्यासाठी काडतुसे एकेक करून बोल्टने ओढावी लागत नाहीत. आतल्या उजव्या भिंतीवरील कळ दाबली की चक्र उलटे फिरते आणि मॅगेझीनमधली सर्व काडतुसे एकदम वर येऊन हातात पडतात. जुनी काडतुसे उडविली असतील तर त्यांच्या टोप्यांतील क्षार नळीत राहतो आणि हवेतील ओल ओढून घेतो. तेल त्याला विरघळवीत नाही. त्याच संध्याकाळी नळीतून कढत पाणी ओतावे, ती पुसून कोरडी करावी आणि मग तेलाचे बोट फिरवावे.